नडगी, एक दरवाजा आणि आईचं नाक

मंडळी, दोन महिने इथे काही लिहिलं नाही. कंटाळा नव्हे. जूनच्या पहिल्याच पावसात वळणावर स्कूटर घसरली आणि उजवी नडगी मोडली. (काकू, मावशी, आत्या : फोनवर सांगून झालंय, पुन्हा रागवू नका.) तेव्हापासून पाय दोन उशांवर आणि लॅपटॉप पोटावर. सुचेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता मोडलेल्या नडग्यांचाच नाद लागला.

आधी हे हाड नीट समजून घ्या. नडगीवरून बोट फिरवा. बोट आणि हाड यांच्यामध्ये नुसती कातडी लागते. मांडीच्या हाडाला सगळीकडून मांसाची गादी आहे, इथे पुढून काहीच नाही. म्हणून नडगी मोडली की टोक कातडी फाडून पटकन बाहेर येतं. त्यात खालच्या भागात रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे जुळतेही रडतखडत. माझंही टोक जरासं बाहेर डोकावून गेलं होतं. जखम नखाएवढी, पण डॉक्टरांचा चेहरा तीच बघून बदलला. हाड मोडणं एक आणि मोडलेल्या हाडाला बाहेरची हवा लागणं वेगळं. शे-दोनशे वर्षांपूर्वी या दुसऱ्या प्रकारात पाय कापणं हाच शहाणपणा समजला जाई. न कापल्यास जखम सडून माणूस जाण्याची भीती.

लंडनचा पर्सिव्हल पॉट हा सेंट बार्थोलोम्यू इस्पितळातला नावाजलेला शल्यचिकित्सक. १७५६ साली ओल्ड केंट रोडवर तो घोड्यावरून पडला, पाय मोडला आणि हाड बाहेर आलं. ऐन हिवाळा. लोक उचलायला धावले, तर हा पठ्ठ्या कुणाला हात लावू देईना! गाडीत घातलं तर धक्क्यांनी पायाचा चुराडा होणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने मेणा वाहणारे दोन भोई बोलावून घेतले, पडल्या पडल्या एक दरवाजा विकत घेतला, त्यांच्या मेण्याचे दांडे त्या दरवाजाला ठोकवले आणि त्यावर आडवा होऊन लंडन ब्रिजवरून घरी आला. घरी जमलेल्या वैद्यांचं मत एकच, कापा. पॉटलाही ते पटलं. हत्यारं मांडून झाली. तेवढ्यात त्याचे जुने गुरू एडवर्ड नूर्स पोचले, त्यांनी पाय पाहिला आणि वाचवून बघू म्हणाले. पाय वाचला. अंथरुणावरच्या त्या सक्तीच्या सुट्टीत पॉटने हर्नियावर ग्रंथ लिहायला घेतला, तो त्याच वर्षी छापूनही आला. (मी दोन महिन्यांत हा एक लेख लिहिलाय.) घोट्याजवळच्या ज्या मोडीला आज 'पॉटचं फ्रॅक्चर' म्हणतात ती त्याची स्वतःची, अशी समजूत आहे, ती चूक. त्या मोडीचं वर्णन त्याने पुढे १७६८च्या पुस्तकात केलं.

दरवाजावरून आठवलं. सुश्रुतसंहितेत मांडी किंवा नडगी मोडलेल्यासाठी 'कपाटशयन' सांगितलंय. कपाट म्हणजे आपलं कवाड! रोग्याला फळीवर निजवायचं आणि पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकायच्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि एक तळपायाशी. बांधलेली पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडायची, उन्हाळ्यात तीन. आपल्या हवेत जखम किती लवकर चिघळते हे पाहिलेल्या माणसानेच हा फरक लिहिला असणार, असं मला वाटतं.

प्लॅस्टरची पट्टी १८५१ साली मॅथाइसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने काढली. सोय मोठी झाली, पण सडण्यावर उपाय नव्हता. तो ग्लासगोत सापडला. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीस हा अकरा वर्षांचा मुलगा जोसेफ लिस्टरकडे आला. गाडीचं चाक डाव्या पायावरून गेलेलं, नडगी मोडलेली, दीड इंचाची जखम. सडण्याला कारण जंतू, हे पाश्चरचं म्हणणं लिस्टरने वाचलं होतं, आणि गटाराची दुर्गंधी कार्बोलिक ॲसिडने जाते हेही. मार्चमधला त्याचा पहिला प्रयत्न फसला होता. या खेपेला कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी जखमेवर ठेवली आणि चार दिवसांनी उघडून पाहिली. सडका वास नव्हता. सहा आठवड्यांत हाड जुळलं आणि पोरगा घरी गेला.

हे वाचताना मी थबकलो. माझी पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा आई पुढे झाली, वाकली आणि जखमेचा चक्क वास घेतला. नर्स हसली. मीही ओशाळून "काय गं हे!" म्हणालो. आई काही बोलली नाही.

परवा विचारलं. आजीचा धाकटा भाऊ कोकणात बैलगाडीखाली आला होता, १९३४च्या सुमारास. नडगीच. वय दहा. पाला बांधला, बांबूच्या कामट्या लावल्या. चौथ्या दिवशी आजीला खोलीत शिरतानाच वास आला. तालुक्याला न्यायला होडी हवी होती, पावसाळ्यात होडी नव्हती. नवव्या दिवशी तो गेला. ग्लासगोच्या घटनेला तेव्हा सत्तर वर्षं होत आली होती. पुढे घरात कुणाचंही खरचटलं तरी आजी वास घेऊन बघायची, आई तेच शिकली.

माझ्या हाडात गुडघ्याखालून सळई घातली आहे. हाडाच्या पोकळीत अशी सळई घालण्याची पद्धत १९३९ साली कील शहरात क्युंटशर नावाच्या जर्मन डॉक्टरने रूढ केली, मांडीच्या हाडापासून. युद्धकैदी मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या एक्स-रेत लोखंड बघून दोस्तांचे डॉक्टर चक्रावले होते म्हणे.

कालच्या एक्स-रेत मोडीभोवती फिकट ढगासारखं काहीतरी दिसतंय. नवं हाड. अजून कुबड्या आहेत. पाय टेकवायचा, भार अर्धाच. डॉक्टर म्हणाले, पूर्ण जुळायला अजून तीन महिने. आईने एक्स-रे खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला, मग नेहमीसारखी माझ्या पायाशी वाकली.