टरफल अखंड, गाभा चुरा : राजधानी परिसरातील जवाच्या भरडणीचा इतिहास

पीठ जितके मऊ तितकी चक्की चांगली, हा भारतीय घरांतला शतकानुशतकांचा न्याय. बिअरसाठी जव भरडताना मात्र तो पूर्णपणे उलटतो. तिथे दाण्याचा आतला गाभा फुटला पाहिजे आणि बाहेरचे टरफल होईल तेवढे अखंड राहिले पाहिजे. ही दुहेरी मागणी पुरी करणारे यंत्र साधे दिसते: दोन रूळ आणि त्यांच्यामधली सुमारे एक मिलीमीटरची फट. ही फट किती असावी, या प्रश्नाचा इतिहास दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात ठिकठिकाणी विखुरलेला आहे. रोहतकचे उत्खनन, गाझियाबादचा कारखाना, कर्नालची संशोधन संस्था आणि गुरुग्राममधील लहान यंत्रे ही त्यातली ठळक स्थानके.

▪ भरडच का?

जव भिजवून त्याला मोड आणायचे आणि तो मोड योग्य वेळी गरम हवेने सुकवून थांबवायचा, म्हणजे माल्ट तयार होते. मोड येताना दाण्यात विकरे निर्माण होतात आणि गाभा भुसभुशीत होतो. पुढे हे माल्ट भरडून साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवले की विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. हे गोड पाणी चोथ्यापासून वेगळे करायचे असते आणि ते काम टरफलेच करतात. भांड्याच्या तळाशी त्यांचा सैल थर बसतो आणि त्यातून द्रव हळूहळू झिरपतो.

म्हणून भरड बिघडण्याच्या दोन दिशा आहेत. ती फार जाडी राहिली, तर गाभ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही आणि साखर कमी निघते. ती फार बारीक झाली, तर टरफलांचा चुरा आणि पीठ मिळून चिखल होतो आणि गाळण अडते. शिवाय चुरलेल्या टरफलांतून टॅनिन जास्त उतरते आणि चव तुरट होते. चांगल्या चक्कीला या दोन दोषांमधली अरुंद वाट दर दाण्यागणिक सापडावी लागते.

▪ दगडाचा काळ

रोहतक जिल्ह्यातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली केले. तिथली भांडी, दगडी अवजारे आणि मानवी दात यांना चिकटून राहिलेल्या पिष्टकणांचा अभ्यास अरुणिमा कश्यप आणि स्टीव्हन वेबर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केला. या पुराव्यावरून मद्यनिर्मितीचा निष्कर्ष काढता येत नाही. पण दगडावर दगड घासून अन्न तयार करण्याची रीत या भूमीत चार हजार वर्षांहून जुनी आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

पुढे फिरते जाते आले. जात्याचा गुण त्याच्या पृष्ठभागावर ठरतो. वापराने दगड गुळगुळीत झाला की धान्य नीट फुटत नाही, नुसते घासले जाते. मग छिन्नीने त्याला पुन्हा टाकी लावावी लागते. महाराष्ट्रात हे काम टकारी समाजातील कारागीर गावोगाव फिरून करत. डाळ भरडताना जाते हलके फिरवायचे आणि पीठ दळताना जड, हे भानही घरोघरी होते. फट, पृष्ठभाग आणि वेग या भरडणीच्या तीन मूलभूत राशी जात्यावर बसणाऱ्या बाईला गणिताविना ठाऊक होत्या.

दगडाची मर्यादा मात्र स्पष्ट होती. त्यात दाणा दाबला जातो तसाच घासलाही जातो. गव्हाला ते चालते, टरफलाच्या जवाला ते मानवत नाही.

▪ घोडा, वाफ आणि लोखंड

लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात माल्ट दळण्याच्या चक्क्या घोडे फिरवत असत. 1785 मध्ये तिथे बोल्टन आणि वॉट यांचे वाफेचे इंजिन बसवले गेले. फिरती गती देणाऱ्या आरंभीच्या इंजिनांपैकी ते एक होते आणि आज ते सिडनीच्या संग्रहालयात आहे. औद्योगिक क्रांतीच्या या सुप्रसिद्ध यंत्राच्या वाट्याला आलेले पहिले काम माल्ट भरडण्याचे होते.

शक्ती वाढली, तसा दगड मागे पडून लोखंडी रूळ पुढे आला. 1874 मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील आंद्रास मेखवार्ट यांनी कठीण केलेल्या बिडाच्या रुळांची गिरणी सिद्ध केली आणि जगभरच्या पीठगिरण्यांचे रूप पालटले. त्याच शतकाच्या अखेरीस दिल्लीतही गणेश फ्लोअर मिल्ससारख्या यांत्रिक गिरण्या उभ्या राहिल्या.

पीठगिरणीचा रूळ आणि माल्टचा रूळ मात्र एक नव्हेत. गव्हाच्या गिरणीत जोडीतला एक रूळ दुसऱ्यापेक्षा बराच वेगाने फिरतो. त्या फरकामुळे कोंडा गाभ्यापासून खरवडला जातो. माल्टच्या साध्या यंत्रात दोन्ही रूळ बहुधा समान वेगाने फिरतात आणि दाणा फक्त चिरडला जातो, त्यामुळे टरफल उकलते पण फाटत नाही. मोठ्या कारखान्यांनी पुढे चार आणि सहा रुळांची यंत्रे स्वीकारली. त्यांत पहिली जोडी दाणा फोडते, चाळण्या टरफले बाजूला काढतात आणि उरलेली जाड भरड पुढच्या जोडीकडे जाते.

भारतात ही विद्या डोंगरावरून मैदानात उतरली. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायर यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या कसौलीत बिअरचा कारखाना उभारला. तिथली थंड हवा आणि झऱ्याचे पाणी ही निवडीमागची कारणे होती. डायर-मीकिन या नावाने पुढे चाललेला हा उद्योग 1949 मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आला. गाझियाबादमधील त्यांच्या कारखान्याभोवतीचा भाग आजही मोहननगर म्हणून ओळखला जातो. कृत्रिम शीतकरणामुळे हवेचे बंधन सुटले होते. धान्याचे बंधन मात्र सुटले नव्हते.

▪ चक्कीला मोजपट्टी मिळते

भरड चांगली की वाईट हे डोळ्यांनी ठरवण्याचा काळ विसाव्या शतकाच्या आरंभी संपू लागला. 1907 मध्ये माल्ट तपासण्याची एक समान पद्धत आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाली. ती आजही काँग्रेस पद्धत म्हणून ओळखली जाते. पुढे प्रमाणित तबकडी-चक्क्या आल्या. त्यांत एकच माल्ट दोनदा दळतात, एकदा 0.2 मिलीमीटर फटीने बारीक आणि एकदा 1 मिलीमीटर फटीने भरड. दोन्हींतून विरघळलेल्या अंशाची तुलना होते. फरक थोडा असेल, तर मोड येताना गाभा चांगला भुसभुशीत झाला, असे समजतात.

कारखान्यातील भरडीसाठी चाळणीची कसोटी रूढ झाली. 1.27, 1.01, 0.547, 0.253 आणि 0.152 मिलीमीटर छिद्रांच्या पाच चाळण्या एकावर एक ठेवून भरड हलवतात. टरफल, जाडे रवाळ कण, बारीक रवा आणि पीठ वेगवेगळे झाले की प्रत्येकाचे वजन करतात. चक्कीचा दोष कुठे आहे, हे त्या वजनांतून कळते. पीठ वाढले, तर फट अरुंद किंवा वेग जास्त. वरच्या चाळणीवर अख्खे दाणे दिसले, तर फट रुंद किंवा रूळ झिजलेले.

▪ सहा ओळींचा दाणा

चक्की नीट असूनही भरड बिघडते, तेव्हा कारण दाण्यात असते. जवाच्या कणसाच्या प्रत्येक पेरावर तीन फुले येतात. दोन ओळींच्या जवात त्यांतले मधलेच फळते, त्यामुळे दाणे एकसारखे आणि टपोरे होतात. सहा ओळींच्या जवात तिन्ही फळतात. बाजूचे दाणे जागेअभावी बारीक आणि किंचित पिळलेले राहतात. म्हणजे दर तीन दाण्यांतले दोन आकाराने वेगळे. रानटी जव दोन ओळींचाच असतो. सहा ओळी हे व्हीआरएस-1 या जनुकातील बदलाचे फळ आहे, असे ताकाओ कोमात्सुदा आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवून दिले.

उत्तर भारतात पिढ्यानपिढ्या सहा ओळींचा जव पेरला गेला. सातूचे पीठ आणि जनावरांचा चारा यांसाठी तो उत्तम होता. रुळांपुढे मात्र तो अडचण उभी करतो. टपोऱ्या दाण्यांसाठी फट लावली, तर बारीक दाणे जेमतेम तडकून निसटतात. बारीक दाण्यांसाठी ती आवळली, तर टपोऱ्यांची टरफले चुरतात. त्यात हवामानाची भर पडते. मार्चमध्ये हरियाणा आणि राजस्थानात ऊन झपाट्याने चढते, दाणा भरण्याचा काळ आखडतो आणि दाणा बारीक राहतो. म्हणूनच माल्टचा जव घेताना 2.5 मिलीमीटरच्या चाळणीवर किती दाणे राहिले आणि 2.2 मिलीमीटरच्या चाळणीतून किती निसटले, हे पाहिले जाते.

या प्रश्नावर कर्नालला काम झाले. दिल्लीत रुजलेले गहू संशोधन संचालनालय 1990 मध्ये तिथे हलले आणि 2014 मध्ये त्याचे नाव भारतीय गहू व जव संशोधन संस्था असे झाले. अर्जेंटिनाहून आलेला 'अल्फा 93' हा दोन ओळींचा वाण भारतात लागवडीसाठी आला. त्यानंतर येथेच संकरातून घडवलेले 'डीडब्ल्यूआरयूबी 52' यांसारखे दोन ओळींचे वाण तयार झाले. एकसारखा टपोरा दाणा आणि भारतातील आखूड हिवाळा यांची सांगड घालणे, हे या पैदाशीपुढचे आव्हान राहिले. चक्कीच्या फटीचा प्रश्न अशा रीतीने शेताच्या बांधापर्यंत जाऊन पोहोचला.

▪ लहान यंत्र, मोठी अडचण

घरगुती मद्यनिर्मितीला ब्रिटनने 1963 मध्ये परवान्यातून मोकळे केले. अमेरिकेत 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तशा कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानंतर तिथे हौशी लोकांनी मका दळण्याची कोलंबियाची 'कोरोना' हातचक्की माल्टसाठी वापरली आणि पुढे छोट्या दोनरुळी चक्क्या बाजारात आल्या. भारतात चित्र वेगळे आहे. दिल्लीत 2009 च्या उत्पादन शुल्क अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. त्यामुळे या आकाराची यंत्रे येथे प्रामुख्याने परवानाधारक लघु-मद्यनिर्मितीगृहांच्या आणि प्रयोगशाळांच्या कामाची. पुण्यात 2009 मध्ये 'डूलाली' सुरू झाले आणि त्याच सुमारास गुरुग्राममध्येही अशी ठिकाणे उघडू लागली.

लहान चक्कीचा पहिला दोष भूमितीचा आहे. रूळ दाण्याला आत ओढतो तो घर्षणाच्या बळावर. 2.8 मिलीमीटर जाडीचा दाणा 1 मिलीमीटर फटीत ओढायचा, तर 250 मिलीमीटर व्यासाच्या कारखानी रुळाला सुमारे 0.12 एवढा घर्षणांक पुरतो. 38 मिलीमीटर व्यासाच्या छोट्या रुळाला तो सुमारे 0.31 लागतो. म्हणून लहान रुळांवर खवलेदार नक्षी कोरतात. ती झिजली की दाणे रुळांवर नुसते नाचतात. जात्याला टाकी का लावावी लागे, त्याचेच हे लोखंडी रूप.

दुसरा दोष समांतरतेचा. फट दोन्ही टोकांना सारखी नसेल, तर एका बाजूला पीठ आणि दुसऱ्या बाजूला अख्खे दाणे पडतात, आणि सरासरी मात्र ठीक दिसते. तिसरा दोष वेगाचा. मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांच्या पुढे गेल्यास लहान यंत्रात टरफले फाटू लागतात. भारतीय घरांतील घरघंटीत तर पाती धान्य आपटून जाळीतून बाहेर काढतात. तिच्यातून उत्तम पीठ मिळते आणि म्हणूनच ती या कामाला निरुपयोगी ठरते.

दिल्लीची हवाही यात भागीदार आहे. मे-जूनच्या लू मध्ये उघडे राहिलेले टरफल ठिसूळ होऊन चुरते. पावसाळ्यात माल्ट ओल धरते आणि गाभा फुटण्याऐवजी चपटा होतो. सुक्या दिवसांत भरडण्यापूर्वी वजनाच्या शेकडा एक-दोन भागांइतके पाणी शिंपडून दाणा थोडा वेळ ठेवतात. टरफल लवचीक होते, गाभा कोरडाच राहतो.

▪ मांडणीचा क्रम

अनुभवाने ठरलेला क्रम असा: चक्की जड, सपाट बैठकीवर घट्ट बसवावी. पत्र्याच्या मापाने फट दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजावी. मूठभर दाणे भरडून अख्खे दाणे मोजावेत, मग टरफले पाहावीत आणि फट थोडी थोडी बदलावी. धान्य बदलले की हे सारे पुन्हा करावे. दाण्यांतून आलेले खिळे आणि खडे रुळांना खरवडतात, म्हणून चाळणी आणि चुंबक आधी. भरडणीची जागा आंबवण्याच्या जागेपासून दूर असावी, कारण धान्याच्या धुळीबरोबर आंबट करणारे जिवाणू पसरतात. हवेत तरंगणारी धूळ पेटही घेते. 2 मे 1878 रोजी मिनियापोलिसच्या वॉशबर्न पीठगिरणीत अशाच स्फोटात 18 माणसे मेली. मोटारीची ठिणगी आणि साचलेली धूळ यांची गाठ पडू न देणे, हा मांडणीचाच भाग आहे.

यंत्राच्या पुस्तिकेत फटीचा एक आकडा छापलेला असतो. तो बहुधा थंड देशातल्या, दोन ओळींच्या, टपोऱ्या दाण्यासाठी ठरलेला असतो. तो आकडा येथे जसाच्या तसा लावला आणि भरड बिघडली, की दोष चक्कीच्या माथी मारला जातो किंवा जव पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या. दुसऱ्या आरोपाची किंमत मोठी असते, कारण नाकारलेला जव चाऱ्याच्या भावाने विकला जातो. दोन चाळण्या, एक पत्र्याचे माप आणि मूठभर दाणे एवढ्यावर खरे कारण शोधता येते. फट दाण्याकडे पाहून लावायची असते, हे जात्याने शिकवलेले शहाणपण लोखंडी रुळांनाही लागू आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #जव #धान्यविज्ञान #कर्नाल