मानेतला मज्जातंतू आणि मेंदूतले रक्त

मानेतून जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला वीज देऊन फिट थांबवण्याचा पहिला प्रयत्न न्यूयॉर्कच्या जेम्स लिओनार्ड कॉर्निंग या डॉक्टरने १८८० च्या दशकात केला. मेंदूकडे रक्त जास्त गेले की फिट येते, अशी त्या काळी समजूत होती. म्हणून कॉर्निंग मानेतल्या कॅरोटिड धमन्या दाबत असे आणि सोबत कातडीवरून व्हेगसला वीज देत असे. विजेमुळे हृदयाची गती मंदावली की मेंदूकडचा रक्ताचा ओघ घटेल, असा त्याचा हिशेब. गुण येतो असे त्याने लिहिले. इतरांना तसा अनुभव आला नाही, रुग्णांना घेरी येऊ लागली आणि उपचार मागे पडला. माझ्या मते त्यात सगळ्यांत मोठी उणीव पुराव्याची होती. जिवंत माणसाच्या मेंदूत रक्त कुठे वाढले, कुठे घटले, हे पाहायची सोयच तेव्हा नव्हती. त्यामुळे कॉर्निंग बरोबर की चूक, हे ठरवायलाही काही आधार नव्हता. पुढे शंभर वर्षांनी तो आधार मिळाला आणि अपस्माराच्या या उपचाराचे पुढचे सगळे वळण त्यावर अवलंबून राहिले.

मधल्या काळात काम झाले ते प्राण्यांवर. १९३८ मध्ये बेली आणि ब्रेमर या संशोधकांनी मांजरांच्या व्हेगसला वीज दिली, तर मेंदूच्या पृष्ठभागावरच्या विद्युतलहरी बदलल्या. व्हेगसचे बहुसंख्य तंतू शरीराकडून मेंदूकडे संदेश नेणारे असतात, हेही याच सुमारास कळले होते. १९८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेकब झबारा यांनी कुत्र्यांमधले झटके याच मार्गाने थांबवून दाखवले आणि १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम इथे पहिल्या रुग्णाच्या शरीरात यंत्र बसले. गळपट्टीच्या हाडाखाली छोटे बॅटरीयंत्र, तिथून निघालेली तार डाव्या व्हेगसभोवती गुंडाळलेली. साधारण ३० सेकंद वीज, पाच मिनिटे विसावा. डावीच बाजू निवडली, कारण हृदयाच्या गतीवर उजव्या व्हेगसचा ताबा जास्त. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारासाठी अमेरिकेत जुलै १९९७ मध्ये परवानगी मिळाली. त्यामागच्या एका मोठ्या चाचणीत पुरेशी वीज मिळालेल्यांच्या फिट सरासरी २८ टक्क्यांनी, तर नाममात्र वीज मिळालेल्यांच्या १५ टक्क्यांनी कमी झाल्या. फरक खरा होता, तरी गुण का येतो हे मात्र त्या आकड्यांतून कळत नव्हते.

ते शोधायला पीईटी स्कॅन पुढे आला. किरणोत्सारी ऑक्सिजन असलेले पाणी शिरेतून दिले की रक्त जिथे जास्त जाते तो भाग चित्रात उजळतो. या ऑक्सिजनचे अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटांचे, म्हणून एकाच बैठकीत वीज बंद आणि वीज चालू अशी चित्रे पुन्हापुन्हा घेता येतात. १९९२ मध्ये पाच रुग्णांवर असा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. अटलांटातील थॉमस हेन्री यांच्या गटाने १९९८ मध्ये दहा जणांत दाखवले की वीज सुरू होताच मेंदूच्या खोल भागातल्या थॅलॅमसमध्ये, दोन्ही बाजूंना, रक्तप्रवाह वाढतो आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये घटतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यांचा १९९९ चा लेख. पहिल्या दिवसाच्या चित्रांशी त्यांनी ११ रुग्णांच्या पुढच्या तीन महिन्यांतल्या फिटची संख्या ताडून पाहिली. ज्यांच्या थॅलॅमसमध्ये प्रवाह अधिक वाढला होता, त्यांच्या फिट अधिक कमी झाल्या होत्या. मेंदूच्या इतर भागांत असा संबंध आढळला नाही. वीज सुरू असताना घशात जाणवणाऱ्या गुदगुल्यांमुळेच मेंदू उजळत असेल, ही शंका इथे बरीच लंगडी पडते. नुसत्या संवेदनेचा पुढच्या तीन महिन्यांतल्या फिटशी असा मेळ का बसावा?

अकरा रुग्णांवर एवढी भिस्त ठेवायची का, हा आक्षेप रास्तच आहे. त्याहून जड आक्षेप बेल्जियममधल्या गेंटहून आला. तिथे २००० च्या सुमारास स्पेक्ट या रक्तप्रवाह दाखवणाऱ्या दुसऱ्या स्कॅनने नेमके उलटे दिसले: थॅलॅमसमधला प्रवाह घटलेला. म्हणून दोन्ही अभ्यास बाद ठरवावेत असे मला वाटत नाही. दोन्ही तंत्रांच्या मोजणीची वेळ निराळी, द्रव्ये निराळी आणि वीज देण्याची रीतही निराळी. हेन्री यांच्याच पुढच्या अभ्यासात, महिनोन्महिने वीज मिळाल्यावर मेंदूच्या पृष्ठभागावरचे बदल ओसरले आणि खोलवरचे टिकले. म्हणजे केव्हा पाहिले, यावर काय दिसेल हे ठरते. शिवाय दोन्ही गटांचे बोट एकाच जागेकडे होते. कॉर्निंगचा सिद्धान्त संपूर्ण मेंदूतल्या रक्ताविषयी होता. चित्रांनी प्रश्न एका ठिकाणावर आणला. उंदरांवरच्या १९९८ च्या प्रयोगातून दुसरा धागा मिळाला: मेंदूच्या देठातला लोकस सेरुलियस हा नॉरॲड्रेनलिन पुरवणारा पुंजका निकामी केला की व्हेगसची वीज झटके आवरेनाशी झाली.

परवानगी तर चित्रांवाचून मिळाली, मग त्यांची गरज काय, असेही कोणी म्हणेल. परवानगीपुरते ते खरे आहे. पण हे यंत्र बसवलेल्या साधारण निम्म्या रुग्णांच्याच फिट निम्म्यावर येतात. उरलेल्यांनी शस्त्रक्रिया, खर्च आणि घोगरा आवाज सोसून थोडेच मिळवलेले असते. गुण कोणाला येईल हे आधी सांगता यावे, यासाठीच चित्रांची गरज आहे. यंत्र बसल्यावर एमआरआय काढताना तार तापण्याचा धोका असतो, त्यामुळेही संशोधकांची नजर शस्त्रक्रियेआधीच्या चित्रांकडे वळली. २०१९ मध्ये टोरोंटोच्या गटाने ५६ मुलांवरचा असा अभ्यास मांडला: ज्यांना पुढे गुण आला, त्यांच्या थॅलॅमस आणि मेंदूच्या पृष्ठभागाला जोडणाऱ्या वाटा यंत्र बसण्याआधीच वेगळ्या दिसत होत्या.