निसर्गशिक्षण, दिल्ली परिसरातील

वर्गाबाहेर, झाडापाखरांच्या सहवासात मुलांना शिकवण्याची दिल्ली व लगतच्या शहरांतील साधने. त्यांत दक्षिण दिल्लीच्या असोला-भाटी अभयारण्यातील संवर्धन शिक्षण केंद्र विशेष मोलाचे. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी वनविभागाच्या साथीने या केंद्राचे काम पाहत आली आहे. जुन्या खाणींच्या या अरवली टापूत माजलेल्या विलायती कीकरच्या काटेरी फांद्यांखाली देशी रोप क्वचितच तग धरते; परके झाड काय करते, हे मुलांना तिथे डोळ्यांनी दिसते. यमुना जैवविविधता उद्यान, ओखला पक्षी अभयारण्य हीही उपयुक्त ठिकाणे. प्रदीप क्रिशन यांचे ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ (२००६) शिक्षकांनी जवळ बाळगावेच. मंडी हाउसजवळचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय मात्र २६ एप्रिल २०१६ रोजी आगीत भस्मसात झाले.