सुवालीच्या दांड्यावर गोव्याचा व्हाइसरॉय

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ साल आठवते, शिवाजी महाराज आठवतात. मी हजीऱ्याला गेलो तो मात्र त्याच्याही पन्नास वर्षे आधीच्या एका लढाईची जागा पाहायला. लढाई तिथली, पण हरणारा गोव्याहून गेलेला.

हजीरा तापीच्या मुखाशी आहे. आज तिथे पोलाद, खत, वायू, बंदर असा सगळा कारखान्यांचा पसारा. शेजारी सुवालीचा किनारा, काळ्या वाळूचा. ओहोटीला पाणी इतके मागे जाते की कोलवा-कळंगुटची सवय असलेल्या माणसाला वाटावे, समुद्र रुसून निघून गेला. किनाऱ्याला समांतर पाण्याखाली वाळूचा दांडा आणि त्याच्या आत जहाजे नांगरण्यापुरती खोल पट्टी. सुरतेला आलेले इंग्रज तिथेच थांबत. १६१२ साली थॉमस बेस्टने दोन जहाजांनिशी याच परिसरात पोर्तुगीजांची चार गॅलियने परतवली होती.

तो डाग धुवायला जानेवारी १६१५ मध्ये व्हाइसरॉय जेरोनिमो द अझेवेदो स्वतः आला. सहा मोठी गॅलियने, काही लहान जहाजे आणि साठेक फ्रिगेटी. मांडवीतून असे आरमार निघाले म्हणजे गोव्यात मागे फारसे काही उरले नसणार. माणूसही नवखा नव्हता, अठरा वर्षे सिलोनात सेनापती होता. तिथे त्याने केलेली क्रौर्ये कुप्रसिद्ध आहेत. समोर निकोलस डाउंटन, चार व्यापारी जहाजांचा प्रमुख.

मोगलांचा सुरतेचा सुभेदार मुकर्रबखान घाबरला होता. त्याने व्हाइसरॉयकडे तहाचे बोलणे लावले. अझेवेदोने ते झिडकारले. आधी इंग्रजांना बुडवू, मग आपल्या अटींवर तह करू, हा हिशेब. माझ्या मते तो इथेच हरला. मोगल आणि इंग्रज एकमेकांपासून तोडण्याची आयती संधी त्याने हातची घालवली.

डाउंटनचा हिशेब निराळा. खानाने त्यालाही पोर्तुगीजांवर चालून जाण्याचा आग्रह केला होता. त्याने नकार दिला. आपल्या राजाचे त्यांच्याशी युद्ध नाही, ते अंगावर आले तर मात्र लढेन. भित्रेपणाचा शिक्का बसेल याची त्याने पर्वा केली नाही. जहाजे दांड्याच्या आत ठेवली, कारण मोठी गॅलियने तिथे येऊ शकत नव्हती.

मग त्याने ‘होप’ हे जहाज इतरांपासून थोडे दूर, दक्षिणेला नेऊन ठेवले. आमिषच ते. पोर्तुगीज लहान जहाजे आणि फ्रिगेटी त्यावर तुटून पडल्या, माणसे ‘होप’वर चढली. तोवर डाउंटनची बाकीची जहाजे येऊन पोहोचली. गॅलियने दांड्याबाहेरून पाहत राहिली. पोर्तुगीजांनी आपलीच तीन जहाजे पेटवून दिली, ‘होप’ही त्यात जळावे म्हणून. ‘होप’च्या डोलकाठीने पेट घेतला, पण जहाज वाचले. पोर्तुगीजांची बरीच माणसे गेली, त्यांत घरंदाज तरुण पुष्कळ. त्या मुलांच्या शौर्यात काही उणे नव्हते, हे आपण मान्य केले पाहिजे. त्यांना तिथे उतरवणाऱ्याने पाण्याची खोली मोजली नव्हती.

पुढचे दिवस डाउंटनला सोपे गेले नाहीत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचा मुलगा जॉर्ज तिथेच वारला. त्याला किनाऱ्यावर पुरले. समोर शत्रूचे आरमार उभेच होते. पेटती होडकी सोडून इंग्रज जहाजे जाळण्याचा अझेवेदोचा डावही त्यानंतर फसला, आणि तो निघून गेला.

मार्चच्या आरंभी डाउंटन उघड्या समुद्रात आला. अझेवेदो पुन्हा मागावर होता. आता मध्ये दांडा नव्हता, संख्याबळ सगळे त्याच्या बाजूला होते. जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग पाहताना माझ्या मनात दर वेळी हाच क्षण येतो. दांड्यापाशी जपायचे तिथे त्याने घाई केली, आणि इथे, जिथे धडक मारता आली असती, तिथे तो बिचकला. काही दिवस पाठलाग करून त्याने आरमार वळवले.

डाउंटन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जावातल्या बांतामला वारला. अझेवेदोला १६१७ मध्ये पदावरून दूर करून लिस्बनला नेले, आणि १६२५ मध्ये तो तिथल्या तुरुंगात मेला.