बेडूक-आमिष
लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा पकडण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर खेळवायचे कृत्रिम आमिष. मऊ प्लॅस्टिकचे पोकळ शरीर, मागे रबरी झालर आणि पाठीला चिकटून वर वळलेला दुहेरी गळ अशी त्याची रचना असते. गळाची टोके अंगालगत असल्याने आमिष कमळपानांवरून न अडकता सरकते. मासा चावला की शरीर दबून टोके उघडी पडतात. फ्लोरिडातील ओकीचोबी, अलाबामातील गंटर्सविल अशा पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावांत ते विशेष उपयोगी ठरते.

काठीचे टोक खाली ठेवून सैल दोरीला लयीत छोटे झटके दिले की बेडूक डावी-उजवीकडे वळत पुढे येतो. पानांमधल्या मोकळ्या जागेत तो क्षणभर थांबवावा; हल्ला बहुधा तेथेच होतो. खरी कसोटी त्यानंतरची. पाणी उसळताच हिसका देण्याचा मोह आवरून, माशाचे वजन दोरीवर जाणवल्यावरच जोरात ओढावे. घाई केल्यास आमिष त्याच्या तोंडातून निसटते. गळाला लागलेला मासा लगेच वनस्पतींत घुसतो, म्हणून सुमारे ७ फुटांची ताठ काठी आणि ५० ते ६५ पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी वापरतात. भारतात हौशी मासेमार याच आमिषाने मरळ पकडतात.