शिक्षा भोगली, तरी देशाबाहेर? अमेरिकेत गुन्ह्याचा ग्रीन कार्ड आणि आश्रयावर काय परिणाम होतो

अमेरिकेत एखाद्या परदेशी नागरिकाला न्यायालयाने दंड करून किंवा प्रोबेशनवर सोडले, म्हणजे प्रकरण मिटले असे नसते. तोच गुन्हा इमिग्रेशन कायद्यानुसार पुन्हा तपासला जातो. त्यात व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा आश्रय मिळण्याची संधी जाऊ शकते. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींनाही हाच कायदा लागू होतो.

'दोषी' कोणाला म्हणतात?

इमिग्रेशन कायद्यातील दोषसिद्धीची व्याख्या बरीच व्यापक आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी दंड, प्रोबेशन किंवा कसलेही बंधन घातले, तर औपचारिक निकाल दिलेला नसला तरी तो दोषी धरला जातो. स्थगित ठेवलेली शिक्षाही पूर्ण मोजली जाते. समजा, एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती स्थगित झाल्याने आरोपी एक दिवसही तुरुंगात गेला नाही, तरी हिशेबात एक वर्षच धरले जाते. चांगल्या वर्तनामुळे राज्याने नंतर नोंद पुसली, तरी इमिग्रेशन खटल्यात त्याचा सहसा उपयोग होत नाही.

कोणत्या गुन्ह्यांमुळे हद्दपारी होते?

मुख्य प्रकार असे आहेत :

• नैतिक अधःपतनाचे गुन्हे : फसवणूक, चोरी वगैरे. अमेरिकेत प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा गुन्हा केला आणि त्याला एक वर्ष किंवा अधिक शिक्षेची तरतूद असेल, तर एकच गुन्हा पुरतो. वेगवेगळ्या घटनांतले असे दोन गुन्हे असतील, तर कालमर्यादा नाही.

• अमली पदार्थ : जवळपास कोणतीही दोषसिद्धी. स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्याचा एकच गुन्हा तेवढा अपवाद. काही राज्यांनी गांजा कायदेशीर केला असला तरी इमिग्रेशन कायदा केंद्राचा आहे.

• कौटुंबिक हिंसाचार, पाठलाग करून छळणे, संरक्षण आदेशाचा भंग आणि शस्त्रांसंबंधीचे गुन्हे.

• 'ॲग्रव्हेटेड फेलनी' : हा सर्वांत घातक वर्ग. १९८८ मध्ये तो आला तेव्हा त्यात खून, अमली पदार्थांची आणि शस्त्रांची तस्करी एवढेच होते. पुढे, विशेषतः १९९६ च्या कायद्याने, यादी खूप लांबली. आता एक वर्षाची शिक्षा झालेली चोरी आणि १० हजार डॉलरपेक्षा जास्त नुकसानीची फसवणूकही त्यात येते. राज्याच्या कायद्यात किरकोळ ठरणारा गुन्हाही इथे गंभीर ठरू शकतो.

या शेवटच्या वर्गात नाव आले की बहुतेक दरवाजे बंद होतात. एरवी पाच वर्षे ग्रीन कार्ड असलेल्या आणि सात वर्षे सलग राहिलेल्या व्यक्तीला न्यायाधीश कुटुंब, नोकरी, वर्तन पाहून सवलत देऊ शकतात. ॲग्रव्हेटेड फेलनी असेल तर तो अधिकारच उरत नाही.

आश्रय मागणाऱ्यांचे काय?

मायदेशी छळाची भीती खरी असली, तरी 'विशेष गंभीर गुन्ह्यात' दोषी ठरलेल्याला आश्रय मिळत नाही. प्रत्येक ॲग्रव्हेटेड फेलनी आश्रयासाठी आपोआप विशेष गंभीर मानली जाते. इतर गुन्ह्यांचे स्वरूप, परिस्थिती आणि शिक्षा पाहून न्यायाधीश ठरवतात.

त्यानंतर दोन वाटा उरतात. पहिली, ज्या देशात जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे न पाठवण्याचे संरक्षण. ॲग्रव्हेटेड फेलनीसाठी एकूण पाच वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल, तर हेही मिळत नाही. दुसरी वाट छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराची. परत गेल्यावर सरकारकडून किंवा सरकारच्या संमतीने छळ होण्याची शक्यता अधिक आहे हे सिद्ध झाले, तर कोणताही गुन्हा असला तरी त्या देशात पाठवता येत नाही. मात्र यातून ग्रीन कार्ड मिळत नाही आणि तिसऱ्या देशात पाठवण्याची शक्यता राहते.

नुसती अटक झाली तर?

आरोप सिद्ध होण्याआधीही फटका बसू शकतो. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. कायदेशीर प्रवेशाशिवाय आलेल्यांना चोरी किंवा दुकानातून वस्तू उचलल्याच्या आरोपावरूनही स्थानबद्ध ठेवण्याची सक्ती जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याने केली.

कबुली देण्यापूर्वी

अमेरिकेत बहुतेक फौजदारी खटले कबुलीच्या तडजोडीने मिटतात. म्हणून खरा धोका तिथेच असतो. ४० वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिलेले, व्हिएतनाम युद्धात लढलेले होजे पाडिया यांनी वकिलाच्या 'काळजी करू नका' या सल्ल्यावर अमली पदार्थ वाहतुकीचा गुन्हा कबूल केला आणि त्यांच्यावर हद्दपारीची वेळ आली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल दिला, की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तसे अशिलाला सांगणे हे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे.

हद्दपारीचा खटला दिवाणी स्वरूपाचा मानला जातो. त्यामुळे तिथे सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क सहसा नसतो. शिक्षा ३६५ दिवसांऐवजी ३६४ दिवसांची ठरली, तर चोरीसारख्या गुन्ह्यात पुढचे सारे चित्र बदलू शकते. म्हणूनच 'दंड भरून मोकळे होऊ' असे म्हणत सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारणे गरजेचे ठरते.