मत्स्यालयातील कोळंबी

मत्स्यालयातील कोळंबी : शोभेसाठी पाळले जाणारे दशपाद कवचधारी प्राणी. गोड्या पाण्यातील चेरी कोळंबी मूळची पूर्व आशियातील असून तिची लांबी २ ते ३ सेंमी. असते. ती समूहाने राहते व शेवाळ खरवडून खाते. मादी पोटाखालच्या प्लवपादांत अंडी धरून ती सतत हलवत राहते. अंड्यांतून प्रौढांच्याच रूपाची पिले बाहेर पडत असल्याने घरच्या टाकीतही पैदास होते. समुद्री स्वच्छक कोळंबी पांढऱ्या मिशा हलवून माशांना जवळ बोलावते व त्यांच्या अंगावरील परजीवी टिपते. तिला सु. १·०२५ विशिष्ट गुरुत्वाचे खारे पाणी लागते. तिचे डिंभ आठवडेच्या आठवडे तरंगत वाढतात, म्हणून पैदास अवघड असते. कात टाकल्यावर दोन्ही गटांना आडोसा लागतो. तांबेयुक्त औषधे दोन्हींना घातक ठरतात.